उन्हाळा लागला म्हणून सासूबाईंचं चालणं बंद करू का?

प्रश्न इंदिरानगरच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. सासूबाई ६७ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, एक्स-रेत गुडघ्याच्या हाडांमधली गॅप कमी झालीय, बीपीची गोळी चालू आहे. मार्चपर्यंत रोज दुपारी चारला चहा घेऊन जॉगिंग ट्रॅकवर जायच्या, एप्रिल लागला आणि घरच्यांनीच बंद केलं. त्यांना ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर निदान सिन्नरपर्यंत तरी पायी जायचंय. मिस्टर ५१ वर्षांचे, अंबडला कंपनीत, दिवसभर खुर्चीवर, कमरेत एल-फोर एल-फाइव्हची डिस्क थोडी सरकलेली, आणि रविवारी दिंडोरीला भावाच्या मळ्यात द्राक्षाच्या खरड छाटणीला जातात, मग सोमवारी बिछान्यातून उठवत नाही. पाऊस पडेपर्यंत दोघांनी घरातच आराम करावा का?

ताई, नका करू असं. दोघांनाही घरात बसवू नका. का ते नीट सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

मी २२ वर्षं नाशिकमध्ये फिजिओथेरपी करतेय आणि दरवर्षी जूनच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे गुडघ्यांची गर्दी होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, पावसाची हवा सुटली आणि गुडघे धरले. मी विचारते की एप्रिल-मेमध्ये काय केलं, तर उत्तर ठरलेलं असतं, काही नाही हो, ऊन किती होतं, घरातच होतो. मग एखादी लग्नसराई, गावाकडची जत्रा, नाहीतर पहिला पाऊस पडला म्हणून त्र्यंबकला चक्कर, पायऱ्या चढणं-उतरणं, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून भोपळा. पावसाळी हवेत काही जणांना आखडल्यासारखं जास्त वाटतं हे मी नाकारत नाही, पण मला जे दिसतं त्यात बहुतेकांचा गुडघा पावसाने नाही, त्याआधीच्या दोन महिन्यांच्या बसण्याने दुखतो. दोन महिने मांडीचे स्नायू उतरले, वजन दोन-तीन किलो चढलं आणि मग त्याच गुडघ्यावर एकदम काम टाकलं. साठीनंतर स्नायू आरामात फार पटकन उतरतो आणि परत कमवायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात, म्हणून सासूबाईंच्या बाबतीत तर हे आणखी जपायला पाहिजे.

"गुडघे घासलेत, आता वापरू नका" हे वाक्य मला अजिबात पटत नाही आणि ते ऐकून घाबरलेल्या बायका मी रोज बघते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिचं जेवणखाण सगळं सांध्यातल्या वंगणातून येतं, आणि ते वंगण आत जायचं तर तिच्यावर भार येऊन सुटला पाहिजे, पुन्हा आला पाहिजे, पुन्हा सुटला पाहिजे, भांडी घासायचा स्पंज दाबून सोडल्यावर पाणी पितो ना अगदी तसं. चालताना प्रत्येक पावलाला हेच होतं. बसून राहिलं की ते बंद. आणि एक्स-रेतली गॅप बघून गुडघा किती दुखेल हे सांगता येत नाही हो, गॅप जवळजवळ संपलेली माणसं बाजारहाट करताना बघितलीत आणि एक्स-रे बऱ्यापैकी असताना जिना उतरवत नाही अशीही बघितलीत. फरक बराचसा मांडीच्या ताकदीचा, वजनाचा आणि भीतीचा असतो.

आता उन्हाचं. ऊन खोटं नाहीये, सासूबाईंना दुपारी चारला ट्रॅकवर पाठवणं बंद केलंत ते बरोबरच केलंत, फक्त चुकलं एवढंच की चालणंच बंद केलं, वेळ बदलायला पाहिजे होती. आपल्या नाशिकचं एक बरं आहे, हवा कोरडी असल्यामुळे दिवस आणि रात्र यांत खूप फरक पडतो. एप्रिलमध्ये दुपारी ३९-४० असलं तरी पहाटे बावीस-तेवीसपर्यंत उतरतं, मुंबईवाल्यांना हे सुख नाही, तिथे पहाटेही घामाच्या धारा असतात. म्हणजे आपल्याकडे साधारण साडेपाच ते साडेसात हे दोन तास अगदी सोन्यासारखे आहेत, त्यातला अर्धा तास धरायचा. संध्याकाळी मात्र घाई नको. सूर्य मावळला म्हणजे गार झालं असं नसतं, डांबर आणि सिमेंटचे ब्लॉक दिवसभराची उष्णता सोडत असतात, त्यामुळे साडेसातनंतर आणि शक्यतो मातीच्या ट्रॅकवर किंवा झाडं असतील तिकडे. दिवसातून एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा सकाळी पंधरा आणि रात्री जेवणाआधी पंधरा असं केलं तर गुडघ्यालाही सोपं जातं, उन्हालाही.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं बाहेर पडलं तर घाम लवकर सुटायला लागतो, नाडी कमी धावते. तीन आठवडे एसीत बसून एकदम बाहेर पडलं की चक्कर येते ती म्हणूनच. त्यामुळे पहिला आठवडा हळू, बोलता बोलता चालता आलं पाहिजे एवढाच वेग, शेजारणीशी गप्पा मारताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

पाण्याबद्दल सगळेच सांगतात पण गोळ्यांबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी इथे जरा थांबते. सासूबाईंची बीपीची गोळी कोणती आहे ते बघा. बऱ्याच बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, लोक त्याला पाण्याची गोळी म्हणतात. उन्हाळ्यात घामाने पाणी जातं, त्या गोळीने आणखी जातं, आणि वर गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली पेनकिलर पोटात जाते. हे तिन्ही एकत्र आलं की किडनीवर फार ताण येतो, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं. माझ्याकडे मागे एक काका यायचे, गुडघ्यासाठी स्वतःच रोज दोन पेनकिलर घ्यायचे आणि भर उन्हात शेतावर जायचे, पायाला सूज आली म्हणून ते गुडघ्याचीच समजत होते, मी दाबून बघितलं तर बोट रुतत होतं, दोन्ही पायांना सारखं, लगेच फिजिशियनकडे पाठवलं आणि तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवर ताण आल्याची खूण, वाढलेलं निघालं. तेव्हा सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा की उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा ना, आणि दुखलं तर कोणती गोळी चालेल. गोळी स्वतः बंद करायची नाही, कमी करायची नाही. पाणी किती तर हार्ट किंवा किडनीचा त्रास नसेल तर लघवीचा रंग फिकट राहील इतकं, निघण्याआधी एक ग्लास आणि आल्यावर एक ग्लास तरी. ताक, कोकम सरबत, पन्हं सगळं चांगलं, फक्त बीपी आहे तर ताकात मीठ बेतानं, आणि रोजचं पन्हं म्हणजे रोजची साखर हे लक्षात असू द्या. माठातल्या गार पाण्याने किंवा आंबटाने गुडघे धरत नाहीत, खुशाल घ्या. ज्यांना युरिक अॅसिडचा त्रास आहे त्यांनी मात्र पाण्याचं जास्त सांभाळायचं, अंग सुकलं की रात्रीतून अंगठा लाल होऊन ठणकतो.

तुमच्या सासूबाईंना चालण्याइतकीच, खरं तर चालण्याच्या आधी, मांडीची ताकद पाहिजे. हे घरात पंख्याखाली होतं, त्यामुळे ऊन ही सबबच नाही. मला ट्रॅकवर एक दृश्य नेहमी दिसतं, सिमेंटच्या बाकावर मावशी बसलेल्या असतात, उठायची वेळ आली की आधी बाक धरतात, मग पुढे झुकतात, मग एक हात गुडघ्यावर, "आई गं" म्हणतात आणि एका झटक्यात उठतात. त्या झटक्यात सगळं आलं. मागे एकदा मी अशाच एका मावशींना तिथेच उठून दाखवलं. बाकाच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, दोन्हींत वीतभर अंतर, हात छातीशी, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं वाकायचं आणि टाचांनी जमीन ढकलत उठायचं, गुडघे आत एकमेकांकडे वळू द्यायचे नाहीत. बसताना धपकन नाही, एक दोन तीन चार मोजत. पहिल्यांदा जमलं नाही, मग मी त्यांची शाल घडी करून बाकावर ठेवली, चार बोटं उंची वाढली आणि त्या उठल्या, हात न लावता, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. आसन उंच केलं की सोपं होतं, जसजशी ताकद येईल तसं उशी काढायची. सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा. बरोबर ओट्याला धरून टाचा उचलायच्या दहा-पंधरा वेळा, आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची दहा वेळा. बस, एवढंच, पण आठवड्यातून चार-पाच दिवस झालं पाहिजे. दुसरं, ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं, तोल सांभाळायला, पडून खुब्याचं हाड मोडलं तर गुडघ्याचं दुखणं त्यापुढे काहीच नाही.

वजनाचं बोलला नाहीत तुम्ही, पण जास्त असेल तर एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणजे दोन किलोसुद्धा वाया जात नाहीत.

उन्हाळी कामांचं विसरू नका. कुरडया, पापड, सांडगे, आणि गच्चीवर वाळवण. सासूबाई म्हणतील मी कुठे बसून असते, सकाळपासून कामच करते, आणि ते खरं असतं, पण ते काम म्हणजे दोन दोन तास जमिनीवर मांडी घालून नाहीतर उकिडवं बसून लाटणं. गुडघा पूर्ण दुमडला की वाटी हाडावर घट्ट दाबली जाते. निरोगी गुडघ्याला उकिडवं बसणं वाईट नाही, आपल्या आज्या जन्मभर बसल्या, पण आज दुखत असलेल्या गुडघ्याला दोन तास सलग नको. पोळपाट डायनिंग टेबलवर किंवा ओट्यावर घ्या, त्यांना खुर्ची द्या, वीस पापड झाले की उठून गच्चीत टाकायला त्यांनीच जायचं, म्हणजे आपोआप हालचाल होते. निफाडकडे उन्हाळ कांदा काढणीच्या वेळी बायका उकिडव्या बसून पात कापतात, तिथे मी हेच सांगितलं होतं की पाटी भरली की दुसरीला नका देऊ, स्वतः उठून ढिगावर नेऊन टाका, काम तेवढंच होतं आणि संध्याकाळी कंबर सरळ राहते. त्यातल्या एक-दोघींनी नंतर येऊन सांगितलं की फरक पडला.

आणि गच्चीत अनवाणी नाही. घरात कोणाला शुगर असेल तर हे दहा वेळा सांगा. तळपायाची जाणीव कमी झालेली असते, तापलेल्या फरशीवर चटका बसतो तो कळतच नाही, संध्याकाळी फोड दिसतो आणि मग ती जखम महिना महिना भरत नाही. रामकुंडावर दुपारी घाटाच्या दगडावर अनवाणी फिरणाऱ्या शुगरच्या पेशंटना पण हेच सांगते, देवाला सकाळी जा.

बुटांचं थोडक्यात. ट्रॅकवर निम्म्या बायका घरातल्या सपाट चपलेवर चालतात. मागे पट्टा नसलेली चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते, पोटरी आखडते, मग गुडघा. स्पोर्ट्स शूज घ्या, महागडे नको, संध्याकाळी जाऊन घ्या कारण दिवसभरात आणि उन्हाळ्यात पाऊल फुगतं, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. जुने असतील तर उलटे करून टाच बघा, एका बाजूने झिजली असेल तर बदला.

व्हिटॅमिन डीचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पहाटे चाललं तर चालण्याचा फायदा पूर्ण मिळतो पण डी जवळजवळ मिळत नाही, कोवळ्या उन्हात ते किरणच कमी असतात. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ते किरण पुरेसे येतात, उन्हाळ्यात हे साडेनऊ-दहालाच होतं. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून गच्चीत कपडे वाळत घालण्याइतका वेळ, दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यासाठी बाराच्या उन्हात बसायची गरज नाही. सावळ्या कातडीला आणि वयस्कर माणसाला जास्त वेळ लागतो, त्यामुळे फार कमी असेल तर उन्हाने भरून निघत नाही, डॉक्टर सांगतील ते सॅशे घ्यायचे, आणि मनाने वर्षभर घेत सुटायचं नाही, डी जास्त झालं तरी त्रास होतो.

त्र्यंबक रोडला महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे, उन्हाळ्यात तिथे गर्दी असते पण सासूबाईंना पोहता येत नसलं तरी पाण्यात चालणं हा गुडघ्यासाठी फार चांगला व्यायाम आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायावर जवळपास निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ट्रॅकवर दहा मिनिटांत दुखतं तो गुडघा पाण्यात वीस मिनिटं आनंदाने चालतो. लेडीज बॅच आणि आत कोच आहे का ते आधी विचारा, शिडीवरून उतरताना कोणीतरी जवळ पाहिजे. ज्यांना पोहता येतं त्यांनी गुडघे दुखत असताना बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण बसतो, फ्रीस्टाइल चालेल. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मात्र व्यायाम म्हणून उतरू नका, तळ एकदम खोल होतो, उन्हाळ्यात तिथे माणसं बुडतात.

आता मिस्टरांकडे येते, कारण मला त्यांचीच जास्त काळजी वाटतेय.

सहा दिवस खुर्ची आणि सातव्या दिवशी खरड छाटणी. मी दिंडोरी-पिंपळगावचे पेशंट खूप बघते त्यामुळे डोळ्यासमोर येतं, रविवारी साडेपाचला निघायचं, चाळीस मिनिटं बाइक, खड्डे, स्पीडब्रेकर, मळ्यात पोचलं की चहा आणि लगेच काम. रात्रभर आडवं झोपलं की मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते यामुळेच. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उभं राहून, चालून पहिल्या तासाभरात त्यातलं बरंचसं पाणी उतरतं आणि कंबर मोकळी होते. म्हणजे डिस्कवाल्या माणसाने उठल्यावर पहिला तास कमरेतून वाकायचं काम टाळायचं, बादली उचलणं नाही, खाली वाकून काड्या गोळा करणं तर नाहीच. आणि बाइकवर बसून गेलेला वेळ उभं राहिल्यात धरायचा नाही, तो बसल्यातच जातो.

मग मळ्यात पोचल्यावर आधी दहा मिनिटं बांधावरून नुसतं चालायचं. नंतर उभ्याने कात्री चालवायचं काम त्यांनी घ्यायचं, काड्या उचलायचं दुसऱ्या कोणीतरी. छाटणीत पण एक गोष्ट आहे. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा (कोंब फुटायची जागा) ठेवून काडी कापत जाताना हात खांद्याच्या वर राहतात आणि मान मागे पडते, कंबर पुढे झुकते, पोट सुटलेलं असेल तर आणखीनच. वेलीला तोंड करून लांबून हात लांबवायचे नाहीत, एक पाऊल आत शिरून काडीच्या बरोबर खाली उभं राहायचं, एक पाय जरा पुढे, आणि उंची कमी पडत असेल तर भक्कम खोक्यावर उभं राहायचं म्हणजे मान उचलावी लागत नाही. एका बाजूने चार-पाच झाडं झाली की ओळीची बाजू बदलायची, म्हणजे अंग दुसरीकडे वळतं. दर अर्ध्या तासाने दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळू मागे झुकायचं, डोळे उघडे ठेवून, चक्कर येत असेल तर नाही. अकराच्या आत काम बंद. छाटलेल्या बागेत सावली नसते हे मळ्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही, पानंच नसतात.

पण खरा दोष रविवारचा नाहीच, सोमवार ते शनिवारचा आहे. सहा दिवसांत ज्या कमरेने काही केलं नाही तिला सातव्या दिवशी पाच तास उभं करताय. कंपनीत दर पाऊण तासाने उठून पाण्यापर्यंत जाऊन यायचं, फोन आला की उभं राहून बोलायचं. रोज पहाटे आईबरोबर तेही चालायला जाऊ देत, आई पंधरा मिनिटांनी बसल्या की यांनी आणखी दोन फेऱ्या भरभर मारायच्या. कमरेच्या दुखण्यावर चालण्याइतकं स्वस्त आणि चांगलं औषध मला २२ वर्षांत सापडलेलं नाही. सायकलही चालेल, २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर तर शहरात सायकलींचं वेडच वाढलं, ते फार छान झालं, पण डिस्कचा त्रास असताना खाली वाकलेल्या हँडलची रेसिंग सायकल नको, सरळ बसता येईल अशी घ्या, आणि पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील इतकी सीट उंच करा. सीट खाली ठेवून सायकल चालवणारे गुडघे घेऊन माझ्याकडे येतात. पांडवलेणी चढायला जाणाऱ्यांनाही एक सांगते, चढताना दम लागतो म्हणून सगळे चढण्याला घाबरतात पण गुडघ्याला उतरणं जड जातं. उतरताना पावलं लहान, कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली. सासूबाईंनी सध्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नये, सपाटीवर अर्धा तास न दुखता जमल्यावर बघू. सप्तशृंगीला चैत्रात जायचंच असेल तर तिथे आता ट्रॉली आहे, देवीला पाचशे पायऱ्यांचा हिशोब द्यावा लागत नाही.

वारीचं. मला हे वाचून फार बरं वाटलं खरं सांगू का, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला कुठेतरी जायचं असेल तर तो व्यायाम करतो, नुसतं "चाला" म्हटलं तर करत नाही. पण त्र्यंबकेश्वरहून नाशिक अठ्ठावीस-तीस किलोमीटर आणि नाशिकहून सिन्नर पुन्हा जवळपास तेवढंच, हे सलग पायी या वर्षी नको असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या हातात साधारण आठ आठवडे आहेत. आज पंधरा मिनिटं सकाळी आणि पंधरा मिनिटं रात्री यापासून सुरू करा, दर चार दिवसांनी प्रत्येक वेळेला तीन-चार मिनिटं वाढवा, आठवड्यातून एक दिवस चालण्याला सुट्टी. मेच्या शेवटी सकाळी एक तास आणि संध्याकाळी पाऊण तास जमायला लागलं तर सातपूरहून पंचवटीपर्यंतचा टप्पा, आठ-दहा किलोमीटर, मध्ये बसत बसत त्या पालखीबरोबर चालू शकतील, नंतर गाडीने पुढे जाऊन सिन्नरच्या अलीकडचा शेवटचा एक-दीड तास पुन्हा पायी. जमलं नाही तर टप्पा अर्धा करायचा, दिंडीत गाडी असतेच, त्यात बसायला कमीपणा नाही. वारीचे बूट त्या दिवशी नवे काढायचे नाहीत, मेमध्येच पायात मुरलेले पाहिजेत.

किती दुखलं तर चालेल हे सगळे विचारतात. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं तर चालू ठेवा, ते नुकसान नाही. चोवीस तासांनंतरही वाढलेलंच असेल किंवा गुडघा फुगला असेल तर दोन दिवस कमी करा, पण शून्य करू नका, घरातल्या घरात खुर्चीचा व्यायाम चालू ठेवा. चालून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावला तर आराम पडतो.

काही गोष्टींत मात्र थांबायचंच. मिस्टरांना पायात ताकद कमी झाल्यासारखी वाटली, पाऊल घासायला लागलं, दोन्ही मांड्यांच्या आत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका. सासूबाईंचा एखादा सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर तेही लगेच दाखवा. उन्हात चालताना चक्कर, मळमळ, डोकं दुखणं असं झालं तर सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला, शुद्धीवर असतील तर पाणी घोट घोट. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून गेलं तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.

आता एक काम करा. आज संध्याकाळी सासूबाईंना भिंतीला टेकलेल्या साध्या खुर्चीवर बसवा, हात छातीशी, आणि मोबाइलवर ३० सेकंद लावून त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहून बसतात ते मोजा, कोणीतरी बाजूला उभं राहा. त्यांच्या वयाच्या बाईला ११ तरी यायला पाहिजेत. कमी आले तरी नाराज होऊ देऊ नका, आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, तीन आठवड्यांनी परत मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा, त्यावरून पुढचं किती वाढवायचं ते सांगते. मिस्टरांच्या एमआरआयचा रिपोर्ट असेल तर शेवटचा परिच्छेद टाइप करून पाठवा, नाव-पत्ता नको.